‘पुढच्या अंकात घेऊ’ : एका वैद्यकीय त्रैमासिकातला तिढा

दक्षिण कोकणातल्या एका डॉक्टर संघटनेचं छोटं त्रैमासिक आहे. वाचक बहुतेक संघटनेचेच सभासद. शिवाय जिल्ह्यातली ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि एखाद-दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर असे चार अंक निघतात. मालकी संघटनेची, छपाईचा खर्च संघटनेचा, संपादक नेमते संघटनेचीच कार्यकारिणी. सध्याच्या संपादिका पॅथॉलॉजिस्ट आहेत, स्वतःची लॅब सांभाळून हे काम विनामानधन करतात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका लेखावरून या त्रैमासिकात जो तिढा पडला, तो इथे सविस्तर मांडतो आहे. मी सल्लागार मंडळावर आहे. म्हणजे मी लांबून बघणारा नाही, माझी बाजू संपादिकेची होती आणि आजही आहे. गाव, माणसं, रुग्णालयं यांची ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही. कोकणातल्या आणखी काही तालुका संघटना अशी पत्रिका काढायच्या विचारात आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या येणार, तेव्हा आमचा अनुभव त्यांच्या हाताशी असावा, म्हणून हे लिहिणं.

लेखात काय होतं

लेख पाठवला होता ग्रामीण रुग्णालयातल्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने. विषय सर्पदंश, पण उपचारांबद्दल फारसं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात त्याच्या कॅज्युअल्टीत सर्पदंशाचे जे रुग्ण दुसरीकडून रेफर होऊन आले, त्यांच्यासोबतच्या चिठ्ठ्या त्याने जपून ठेवल्या होत्या आणि त्या चिठ्ठ्यांत काय लिहिलेलं असतं, काय नसतं, एवढंच तपासलं होतं.

कोकणात हा विषय किती जवळचा आहे हे इथल्या डॉक्टरला सांगायला नको. कातळावर, जांभ्याच्या गडग्यात, काजूच्या पालापाचोळ्यात फुरसं असतंच. वीतभर-हातभर लांबीचा हा साप रक्त गोठण्याची क्रिया मोडून टाकतो. दंशाच्या जागी सूज येते, मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, ते सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतं. रक्त गोठतंय की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. शिरेतलं दोन मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर प्रतिविष सुरू करायचं. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या बल्बमध्ये किंवा सिरिंजमध्ये धड माणसाचं रक्तसुद्धा पातळ राहू शकतं. साबणाने धुतलेली नळीही फसवते.

लेखातली एक नोंद माझ्या डोक्यात बसली आहे. काजूच्या बागेत काम करणारी एक बाई, फुरसं पायाच्या बोटाला चावलेलं. चिठ्ठीवर मजकूर एवढाच: स्नेक बाइट, डेक्सा, एव्हिल, टीटी दिलं, पुढील उपचारासाठी रवाना. दंशाची वेळ नाही, चाचणी नाही. वेळ कळली ती सोबत आलेल्या भाच्याकडून. तो म्हणाला, “फुरसां चावलां तेव्हा चांगलो उजेड होतो.” रुग्णालयात पोचली तेव्हा रात्र झाली होती आणि नळीतलं रक्त वीस मिनिटांनंतर पाण्यासारखं वाहिलं. बाई वाचली. पण डेक्सा हे स्टेरॉइड आणि एव्हिल हे अ‍ॅलर्जीवरचं औषध, दोन्ही विषावर काही करत नाहीत, आणि ती देऊन ‘बघू’ म्हणत थांबण्यात गेलेले तास कुठल्याच कागदावर आले नाहीत.

लेखकाने दोष एकट्या खासगी दवाखान्यांवर टाकला नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आलेल्या चिठ्ठ्याही तितक्याच अपुऱ्या असल्याचं त्याने लिहिलं होतं. कुणाचं नाव नव्हतं. शेवटी अर्ध्या पानाचा एक नमुना जोडला होता: दंशाची वेळ, चाचणीची वेळ आणि निकाल, प्रतिविषाच्या किती कुप्या दिल्या, कधी दिल्या. झेरॉक्स काढून टेबलाच्या खणात ठेवावी अशी चिठ्ठी. माझ्या मते लेखातला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता.

संपादिकेने लेख दोन तज्ज्ञांकडे पाठवला, एक जिल्ह्यातले, एक बाहेरचे. दोघांनी दुरुस्त्या सुचवल्या, लेखकाने त्या केल्या. वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी तिने मागून घेतली. रुग्णांची आणि दवाखान्यांची ओळख पटेल असे दोन उल्लेख काढायला लावले. जूनच्या अंकात लेख पहिल्या क्रमांकावर लागला आणि मे महिन्यात प्रूफ तयार झालं.

प्रूफ फिरलं

प्रूफ अध्यक्षांना पाठवायची पद्धत होती. नियम नव्हता, पद्धत होती, अध्यक्षांचं मनोगत पहिल्या पानावर असतं म्हणून. अध्यक्ष ज्येष्ठ सर्जन, स्वतःचं नर्सिंग होम, गावात मोठा मान. त्यांचा फोन त्याच संध्याकाळी आला.

“मॅडम, लेख छापू नका असं मी म्हणत नाही. चांगलाच आहे. फक्त आत्ता नको. पुढच्या अंकात घेऊ. तोवर जरा मवाळ करून घ्या.”

मवाळ म्हणजे काय, ते प्रूफवर पेन्सिलीने लिहून आलं. ‘खासगी दवाखान्यांतून आलेल्या’ या शब्दांवर काट मारून ‘काही ठिकाणांहून आलेल्या’ केलेलं. डेक्सा आणि एव्हिलचा परिच्छेद पूर्ण कंसात, समोर प्रश्नचिन्ह. चिठ्ठीच्या नमुन्याशेजारी लिहिलेलं: याची गरज आहे का?

अध्यक्षांची बाजू मी त्यांच्याशी बोलून समजून घेतली. ती हलक्यात घेण्यासारखी अजिबात नाही. त्यांची पहिली भीती हिंसेची होती. डॉक्टरांवर हात उचलणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे, तरी तालुक्याच्या गावात जमाव दारात आला की कायदा पोलिसांच्या गाडीबरोबर उशिराच पोचतो. उद्या एखादा रुग्ण दगावला आणि नातेवाइकांनी हा अंक पुढे केला तर? दुसरी भीती ग्राहक न्यायालयाची. 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आलेली आहे, आणि आपल्याच संघटनेच्या पत्रिकेतला लेख वकील पुरावा म्हणून वापरेल ही शंका काही हवेतली नव्हती. तिसरा मुद्दा सगळ्यांत टोकदार: हे संशोधन आहे, मग एथिक्स कमिटीची मंजुरी कुठे आहे?

चौथं एक कारण त्यांनी सांगितलं नाही, सचिवांनी सांगितलं. मागच्या कव्हरची रंगीत जाहिरात एका औषध वितरकाची. त्याचे मोठे ग्राहक म्हणजे इथलीच नर्सिंग होम. जाहिरात गेली तर दोन अंकांची छपाई कशी भागवायची?

संपादिकेने उत्तर लेखी दिलं, मोजकं. एथिक्सच्या मुद्द्यात तथ्य आहे, तो मी आजच तपासून घेते. बाकी मजकूर आणि अंक, दोन्ही ठरलेले राहतील. ‘पुढचा अंक’ म्हणजे सप्टेंबर. तोवर लावणी होऊन गेलेली असेल आणि सर्पदंशाचा हंगाम सरत आलेला असेल.

या प्रकरणाचं मर्म मला याच उत्तरात दिसतं. लेख नाकारा असं कुणीही म्हणत नव्हतं. मागणी होती तीन महिन्यांची. पण हा लेख वापरला जाणार होता तो जून ते सप्टेंबर याच काळात. चिठ्ठीचा नमुना सप्टेंबरच्या अखेरीस हातात पडला असता, तर तो पुढल्या मृगापर्यंत खणातच पडून राहिला असता. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. त्यात पावसाळ्याचा वाटा मोठा आहे. अशा विषयावरचा लेख हंगामाबाहेर ढकलणं हा मजकुरावरच घेतलेला निर्णय असतो.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, जी 1978 मध्ये व्हँकुव्हरच्या बैठकीतून सुरू झाली, मालक आणि संपादक यांच्या नात्याबद्दल स्पष्ट भूमिका घेतली आहे. सगळ्या मजकुरावर आणि तो कधी प्रसिद्ध करायचा यावर पूर्ण अधिकार मुख्य संपादकाचा. मालकाने एकेका लेखाच्या मूल्यमापनात, निवडीत, वेळापत्रकात किंवा संपादनात हात घालू नये. थेट तर नाहीच, आणि संपादकाचा निर्णय वाकेल असं वातावरण तयार करूनही नाही. मालकाला संपादक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार आहे, पैशाचे व्यवहार त्याचेच आहेत. हे सगळं मान्य करूनही अंकाची वेळ मात्र संपादकाकडे ठेवली आहे. ती का, हे मला फुरशाच्या या लेखामुळे जितकं कळलं तितकं ती मार्गदर्शक तत्त्वं वाचून कळलं नव्हतं.

छापखान्यातून फोन

एथिक्सचा प्रश्न आधी सुटला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत, संस्थेतल्या कामाचा दर्जा तपासण्यासाठी केलेल्या ऑडिटला समीक्षेतून सूट मिळू शकते. मात्र सूट आहे की नाही हे संशोधकाने स्वतःच ठरवायचं नसतं, कमिटीने ठरवायचं असतं. ग्रामीण रुग्णालयाला अशी कमिटी नाही. संपादिकेने लेखकाला एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या कमिटीकडे कागद पाठवायला लावले. सूट दिल्याचं पत्र आलं, त्याचा उल्लेख लेखात एका ओळीने झाला. अध्यक्षांच्या आक्षेपामुळे लेख नियमात बसला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

त्यानंतर जे झालं त्याचं समर्थन मला करता येत नाही. छापखान्याच्या मालकाने संपादिकेला फोन केला. “मॅडम, सचिवसाहेब म्हणाले प्लेट काढू नका, पेमेंटचं बघायचंय. मी काय करू?” कार्यकारिणीची बैठक नाही, ठराव नाही, लेखी सूचना नाही. एका फोनवर अंक थांबला. छापखानावाला बिचारा मध्ये सापडला. त्याला संघटनेच्या लेटरहेडपासून परिषदेच्या पत्रिकांपर्यंत सगळं काम मिळतं, तो कुणाला दुखावणार?

सल्लागार मंडळाचे आम्ही चौघं संपादिकेच्या लॅबमध्ये बसलो. राजीनामा द्यावा असं एकाने सुचवलं. तिने नकार दिला. म्हणाली, “मी गेले तर लेखही जाईल आणि माझ्यानंतर येणारा पहिल्या दिवसापासून अध्यक्षांना विचारून अंक काढील.” मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं. मग आम्ही नीट वाचून काढलं ते कॅनडातलं प्रकरण, कारण आमच्याशी त्याचं साम्य विलक्षण होतं.

कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलने 2005 च्या अखेरीस आपत्कालीन गर्भनिरोधक गोळ्यांवर बातमीवजा लेख तयार केला. ही गोळी तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागली होती. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या 13 स्त्रियांनी औषध दुकानात जाऊन ती मागितली, आणि फार्मासिस्ट त्यांना खासगी प्रश्न विचारतात, त्याची नोंद ठेवतात, असं पुढे आलं. फार्मासिस्टांच्या संघटनेने मालक संघटनेकडे तक्रार केली. मालकांकडून दबाव आला. आक्षेप काय घेतला? हे संशोधन आहे, पत्रकारिता नाही, मंजुरी कुठे आहे? अगदी आमच्याकडचाच प्रश्न. त्या स्त्रियांच्या अनुभवांचा भाग लेखातून वगळला गेला. संपादक जॉन होई यांनी जानेवारी 2006 मध्ये संपादकीय लिहून हा हस्तक्षेप वाचकांपुढे उघड मांडला. 20 फेब्रुवारी 2006 रोजी होई आणि त्यांच्या वरिष्ठ उपसंपादक अ‍ॅन मरी टॉडकिल यांना काढून टाकण्यात आलं. कारण दिलं होतं जर्नलला ताजेपणा आणण्याचं. संपादक मंडळातल्या अनेकांनी राजीनामे दिले. असोसिएशनला रिचर्ड पाउंड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी गट नेमावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या गटाने 25 शिफारशी केल्या आणि असोसिएशनने त्या स्वीकारल्या. काढलेले संपादक मात्र परत आले नाहीत.

आमच्यातल्या एकाने 1999 च्या जानेवारीची आठवण काढली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलचे 17 वर्षांचे संपादक जॉर्ज लंडबर्ग यांना काढलं गेलं तेव्हा लेख खोटा आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. महाविद्यालयीन विद्यार्थी कोणत्या कृतीला शरीरसंबंध मानतात, याची 1991 मधली पाहणी त्यांनी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावरील महाभियोग सुरू असताना छापली. असोसिएशनचा आक्षेप होता की जर्नल राजकीय वादात ओढलं गेलं. म्हणजे मुद्दा वेळेचाच. लंडबर्ग यांची निवड शहाणपणाची होती का, यावर मतभेद होऊ शकतात. माझं स्वतःचं मतही पूर्णपणे त्यांच्या बाजूचं नाही. पण तो निर्णय संपादकाचा होता, आणि पुढे त्या असोसिएशननेच संपादक व मालक यांच्यामध्ये सात जणांची देखरेख समिती बसवली.

जाहिरातीच्या प्रश्नावर 1992 चं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. अमेरिकेतल्या संशोधकांनी वैद्यकीय नियतकालिकांतल्या 109 औषध जाहिराती तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. पुष्कळ जाहिराती दिशाभूल करणाऱ्या निघाल्या आणि तो अभ्यास अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या जर्नलने छापला. कंपन्यांनी जाहिराती आखडत्या घेतल्या, आणि संपादक दांपत्य रॉबर्ट व सुझान फ्लेचर यांनी पुढच्या वर्षी पद सोडलं. आमच्या मागच्या कव्हरचा हिशेब त्या मानाने किरकोळ, पण सचिवांच्या मनातली भीती त्याच जातीची होती.

काय ठरलं

कॅनडाच्या कहाणीतून आम्ही एक गोष्ट उचलली: जे घडलं ते वाचकांना कळलं पाहिजे. संपादिकेने कार्यकारिणीला पत्र लिहिलं. अंक ठरलेल्या तारखेच्या आठवड्याभरात छापायला जाईल. लेखातला कोणताही भाग कार्यकारिणीच्या सांगण्यावरून काढावा लागला, तर तसं त्या जागी लिहिलं जाईल. आणि अध्यक्षांचा लेखावर आक्षेप असेल तर त्यांनी तो स्वतःच्या नावाने लिहावा, त्याच अंकात लेखाला लागूनच छापला जाईल, एक शब्द न कापता.

हा शेवटचा प्रस्ताव आमच्यापैकी दोघांना आवडला नव्हता. माघार वाटली. मला तो सगळ्यांत योग्य वाटला. उत्तर देण्याचा हक्क अध्यक्षांना आहे, कुठल्याही सभासदाला आहे. थांबवण्याचा नाही.

अध्यक्षांनी लिहिलं. आणि काय लिहिलं! दोन पानांचं टिपण, चिडचिड नाही, आकांडतांडव नाही. त्यांनी मांडलं की खासगी दवाखान्यात प्रतिविष ठेवणं सोपं नसतं. कुप्या विकत घ्यायच्या, मुदत संपली तर फेकायच्या, आणि ऐन पावसाळ्यात वितरकाकडे माल नसतो. प्रतिविषाची तीव्र रिअ‍ॅक्शन आली तर ती सांभाळायला रात्री हाताशी माणूस नसतो. रुग्ण घाबरलेला असतो, नातेवाईक ‘काहीतरी द्या’ म्हणून आग्रह धरतात, आणि डॉक्टर डेक्सा देतो. ते चूक आहे हे त्यांनी कबूल केलं. मग विचारलं: नदीला पूर आला, फेरी बंद पडली, अँब्युलन्स दुसऱ्या टोकाला गेली असेल, तर पहिल्या तासात अशा दवाखान्याने नेमकं काय करावं हे लेखकाने का सांगितलं नाही?

हा प्रश्न मूळ लेखात खरोखरच राहून गेला होता. लेखकाने त्याला एका परिच्छेदात उत्तर दिलं: पाय हलू न देता बांधून ठेवा, आवळपट्टी नको, चिरा नको, काचेच्या नळीत चाचणी लावा, वेळ लिहा, प्रतिविष नसेल तर निकालाची वाट न बघता रवाना करा आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करा. पहिली चाचणी नॉर्मल आली तरी ती पुन्हा करावी लागते, हेही त्याने तिथेच घातलं. लेख, अध्यक्षांचं टिपण आणि लेखकाचं उत्तर असा सगळा मजकूर जूनच्या अंकात आला. अंक थोडा उशिरा निघाला, पण भाताची रोपं अजून तरव्यात होती, लावणी व्हायची होती. चिठ्ठीचा नमुना निदान काही केंद्रांवर वापरात आला, कारण त्या छापलेल्या चिठ्ठ्या घेऊन रुग्ण ग्रामीण रुग्णालयात पोचू लागले. त्याने किती जीव वाचले असा दावा कुणी करू नये, तेवढी माहिती आमच्याजवळ नाही.

मागच्या कव्हरची जाहिरात मात्र गेली. सप्टेंबरचा अंक कृष्णधवल आणि आठ पानं कमी निघाला.

इथे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांची आठवण होणं साहजिक आहे. विंचूदंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये लॅन्सेटमध्ये आला, आणि नुसतं प्रॅझोसिन हे औषध व प्रॅझोसिनसोबत प्रतिविष यांची तुलना करणारी त्यांची चाचणी 2011 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात. कोकणातल्या लहान गावात बसून केलेली निरीक्षणं जगाने वाचली, कारण ती छापताना लिहिणारा कुठल्या गावचा, कुठल्या पदावरचा, हे आड आलं नाही. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा लेख त्या तोलाचा नव्हता. पण निरीक्षण इथल्याच मातीतलं होतं, आणि ते पहिल्यांदा जिथे छापून यायला हवं ती जागा म्हणजे जिल्ह्याची स्वतःची पत्रिका. तिथेच दार लागलं तर असे तरुण पुढे काही लिहिणारच नाहीत.

नियम लिहिताना

तिढा सुटला तो माणसांच्या चांगुलपणामुळे. अध्यक्ष दुखावले, पण सूडाला पेटले नाहीत. संपादिका ठाम राहिली, पण तिने वाट मोकळी ठेवली. पुढची जोडी अशीच असेल याची हमी काय? म्हणून वार्षिक सभेपुढे नियमावलीत दुरुस्ती मांडायचं ठरलं.

मसुदा करताना एक जुना आधार हाताशी नाही हे लक्षात आलं. वृत्तपत्रांसाठीच्या 1867 च्या कायद्यात मजकुराच्या निवडीवर ज्याचं नियंत्रण तो संपादक, असं धरलेलं होतं. त्याच्या जागी आलेला 2023 चा कायदा मार्च 2024 पासून लागू झाला, आणि त्याने शास्त्रीय, तांत्रिक व शैक्षणिक स्वरूपाची नियतकालिकं आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. नोंदणीची कटकट वाचली हे बरं झालं. पण संपादकाचा अधिकार कुठे लिहायचा तर आपल्याच घटनेत, आणि ती दुरुस्ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवून.

बहुतेक कलमांवर एकमत झालं. संपादकाची मुदत तीन वर्षं. मजकूर आणि अंकाची वेळ संपादकाची. मनोगताचं पान सोडून बाकी प्रूफ पदाधिकाऱ्यांकडे जाणार नाही. जाहिरातींचा व्यवहार सचिव बघतील, कोणत्या पानाशेजारी कोणती जाहिरात हे संपादक ठरवेल. छापखान्याला सूचना फक्त संपादकाच्या सहीने. संपादकाला काढायचं तर कारण लेखी द्यायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि प्रकरण आधी तीन जणांच्या देखरेख समितीकडे न्यायचं. त्या तिघांतला एक जिल्ह्याबाहेरचा. संपादकाचं उत्तरदायित्व सुटू नये यासाठीही एक कलम आहे: चुकीची दुरुस्ती, तक्रारींची नोंद आणि वर्षातून एकदा सभेपुढे अहवाल. स्वातंत्र्य मागणाऱ्याने हे स्वीकारलंच पाहिजे.

अडलं आहे ते एकाच ठिकाणी. कार्यकारिणीच्या मसुद्यात शेवटी एक ओळ आहे की आवश्यकता भासल्यास देखरेख समिती कार्यकारिणी साध्या बहुमताने बरखास्त करू शकेल. सल्लागार मंडळाच्या मसुद्यात हा अधिकार फक्त सर्वसाधारण सभेला दिला आहे. वरवर बघता किरकोळ फरक. पण कॅनडाच्या कहाणीला पुढचा भागही आहे. पाउंड गटाच्या शिफारशींना दहा वर्षं होत असताना, 2016 मध्ये, त्याच असोसिएशनने संपादक जॉन फ्लेचर यांना काढलं आणि त्यांच्यासोबत देखरेख समितीही मोडीत काढली. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती समितीचं आयुष्य असेल, तर ऐन भांडणाच्या दिवशी समिती जागेवर नसते.

म्हणून सभासदांना माझी विनंती आहे की डिसेंबरच्या सभेत ती ओळ काढायच्या बाजूने मत द्यावं. अध्यक्षांशी मी याबद्दल दोनदा बोललो आहे. त्यांना समिती मान्य आहे, पण तातडीच्या वेळी सभा बोलावणं व्यवहार्य नाही असं त्यांचं म्हणणं. त्यावर संपादिकेने सुचवलं आहे की विशेष सभा पंधरा दिवसांच्या नोटिशीवर बोलावता यावी, आणि तोवर समिती कायम राहावी. दोन्ही मसुदे सभेच्या नोटिशीला जोडून सभासदांकडे गेले आहेत.